नेम चुकला नाही

"एकही दिवस नाही?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही. नेम चुकला नाही माझा." आईने पिशवी टेबलावर उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं बाहेर पडली. महिन्यामहिन्याची वेगळी, रबर लावलेली. अठरा महिने, अठरा गठ्ठे. "ह्याच्या पोटात औषध गेल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा."

"खरं आहे हो," बाप म्हणाला. "माझा चहा राहील एक वेळ, पण आमच्या ह्या भोपळ्याची गोळी नाही राहायची."

भोपळ्या बापाच्या मांडीवर टेकून होता. दीड वर्षाचा. गाल फुगलेले, जीभ जराशी बाहेर. बापाने हात काढला की कलंडायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानाजवळ खुळखुळा दोनदा वाजवला. त्याने मान वळवली नाही.

त्यांनी रक्ताचा रिपोर्ट परत वाचला. मुलाच्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथी जन्मापासूनच नव्हती. ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि गोळीही लगेच सुरू झाली होती. ती गोळी रोज मिळाली असती, तर पोरगं आज ह्या खोलीभर धावलं असतं. आकडे सांगत होते, मिळालेली नाही.

"मधे तपासायला का नाही आणलंत?"

"एवढ्याशा जिवाला कशाला सुया टोचायच्या, म्हटलं मी," बाप म्हणाला. "औषध तर चालूच होतं. दुकानदार ओळखीचा, जुन्या चिठ्ठीवर देतो."

"गोळी देता कशी? मला करून दाखवा."

आईला हे आवडलं. ती तयारीनेच आली होती. कागदाच्या घडीत गोळी ठेवून तिने ती चमच्याच्या पाठीने चुरली. पूड दुधाने भरलेल्या बाटलीत झटकली, एक कण बाहेर जाऊ दिला नाही. वरून लोहाच्या औषधाचे थेंब टाकले. "म्हणजे दोन्ही एकदम होतं." निपल बसवलं, बाटली हलवली आणि भोपळ्याच्या तोंडाशी नेली. त्याने चार घोट घेतले. पाचव्याला डोळे मिटले.

"झालं," आई म्हणाली. "तेवढंच पितो. गुणी आहे, कटकट म्हणून नाही."

"आणि उरलेलं?"

"मांजराला!" बाप हसला. "मांजर कसलं तरतरीत झालंय म्हणता. पडद्यावर चढतं."



डॉक्टरीणबाई बाटलीकडे बघत राहिल्या. ती जवळजवळ भरलेलीच होती. "असं द्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चिठ्ठीतच आहे की." आईने जपून ठेवलेली पहिली चिठ्ठी काढली. घडीवर फाटली होती, मागून चिकटपट्टी लावलेली. गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं: रोज सकाळी एक, दुधातून.

म्हणजे चमच्यातल्या दुधातून. आईच्या दुधाचे चार थेंब, त्यात पूड, आणि लगेच गालाच्या आत. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, एवढं त्या एका शब्दात येतंच. डॉक्टरीणबाई स्वतः दिवसातून दहा जणींना तेवढंच सांगत होत्या.

त्यांनी नवी गोळी चुरली, चमच्यात चार थेंब पाणी घेतलं आणि चमचा भोपळ्याच्या गालात कलता केला. त्याने गिळलं.

"असं. लोहाचं औषध वेगळं, चार तासांनी. लोह ह्या गोळीला अंगी लागू देत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

आईने रिकाम्या चमच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. "मग मागच्या?"

"मागच्या काय?"

"राहिलेल्या गोळ्या. रोज दोन-दोन दिल्या तर? तीन? मी देईन हो बरोबर. आता कळलंय मला. भरून काढीन सगळं."

"नाही, ताई. ह्याचं काळीज एवढंसं. गोळी जास्त झाली तर ते धावत सुटेल, झेपायचं नाही त्याला. मागचं आता देता येत नाही."

बापाने मुलाला घट्ट धरलं. "सुधारेल ना पण?"

"अंग धरेल. बसेल, उशिरा का होईना चालेलही. पण डोक्याची वाढ जी व्हायची ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते. त्यातलं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बाप बायकोकडे वळला. "अगं, एकदा विचारायचंस तरी कुणाला." बोलला, आणि त्यानेच मान खाली घातली. सुई नको म्हणणारा तोच होता.

आईने मुलाच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध बोटाने टिपलं. एकदा टिपलं, परत टिपलं. मग वर न बघताच म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मोठा झाल्यावर ह्याला कळेल का हो, हे कुणामुळे झालं?"

डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच मान हलवली. नाही.

तेव्हा कुठे आईला रडू फुटलं.