गोंद वाळेपर्यंत

“हे धरा,” खारूचे वडील म्हणाले, आणि खारूला मागणी घालायला आलेल्या दातांच्या डॉक्टरनं ते धरलं.

ती लाकडाची एक लांबलचक, बोटभर रुंद पट्टी होती. तिला नुकताच गोंद लावलेला होता. एक टोक खारूच्या वडिलांच्या हातात, दुसरं आता डॉक्टरच्या. मधला सगळा भाग दिवाणखान्यात पालथ्या पडलेल्या अर्ध्यामुर्ध्या होडीला चिकटत होता. होडीला जागा व्हावी म्हणून सोफा भिंतीशी उभा केला होता, शिक्षा झाल्यासारखा.

खारूचे वडील जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, आता जरा आडवं जायचंय, एवढंच कारण त्यांनी घरात दिलं होतं. त्यावर कुणाला काही विचारण्यासारखं उरलं नव्हतं.

“सोडलंत तर सटकेल,” काका म्हणाले; खारूच्या वडिलांना डॉक्टर काकाच म्हणत असे. “क्लॅम्प संपलेत. खारू आणायला गेलीये. तोवर माणसंच लावायची.”

क्लॅम्प खरंच संपले होते. घरातलं जे जे म्हणून चावू शकतं, ते ते होडीच्या कडेला लावून झालं होतं. कपड्यांचे चिमटे होते, खारूच्या केसांच्या क्लिपा होत्या, स्वयंपाकघरातली सांडशी सुतळीनं आवळून बसवली होती. त्यांच्या रांगेत आता डॉक्टर होता.

त्यानं घसा खाकरला. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून ‘मग, यंदा सुट्टीत कुठे?’ असं विचारायची त्याला सवय होती. समोरच्याला उत्तर देता येत नसलं, की त्याला भरभरून सुचायचं. इथे काकांचं तोंड अगदीच मोकळं होतं.

“काका, मी आणि खारू... म्हणजे, आम्हाला लग्न... तुमची हरकत नसेल तर.”

“कोपर खाली घ्या.”

डॉक्टरनं कोपर खाली घेतलं. हा होकार की नकार, ते त्याला कळेना.

“राहणार कुठे?” होडीच्या पलीकडच्या टोकाकडून प्रश्न आला.

“माझा दवाखाना माझ्या गावी आहे, त्यामुळे तिकडेच. फक्त रात्रभराचा प्रवास आहे, काका. झोपून येता येतं.”

“झोपून,” काका म्हणाले, आणि पट्टीवरचा अंगठा त्यांनी आणखी जोरात दाबला.

काकू चहा घेऊन आल्या. दोघांचे हात पाहून म्हणाल्या, “अगंबाई, पाहुण्यालाही चिकटवलंत?” मग त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाला कप लावला, आणि दुसरा घेऊन डॉक्टरकडे वळल्या.

“आ करा.”

डॉक्टर हे दिवसभर म्हणत असे. ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यानं आ केला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. काकूंनी तो काढला, स्पीकर लावला आणि सोयीचं म्हणून होडीच्या पाठीवर ठेवला.

“काय रे, म्हातारा काय म्हणाला?” डॉक्टरच्या आईनं विचारलं. होडी आतून पोकळ असल्यामुळे आवाज छान घुमला.

“म्हातारा म्हणतोय, गोंद ओला आहे,” काका म्हणाले.

 पलीकडून फोन बंद झाला.

काकू कप घेऊन हसत आत गेल्या, आणि काकांनी नाकाला खाज सुटल्याचं जाहीर केल्यावर परत आल्या.

“डावीकडे. अगं डावीकडे. माझ्या डावीकडे!”

“नाकाला कसलं आलंय डावं-उजवं? आहे केवढंसं!” काकूंनी सगळंच नाक खाजवून टाकलं आणि त्या गेल्या.

पुन्हा दोघंच उरले. पंखा फिरत होता. डॉक्टरच्या पाठीला रग लागली होती.

“ती झोपेत बोलते,” काका एकदम म्हणाले. ते पट्टीकडेच बघत होते. “विचारते काहीबाही. दार लावलं का, असलं काहीतरी. तेव्हा उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर उठून बसते.”

“काय उत्तर द्यायचं?”

“हो म्हणायचं. काही का विचारेना.” काका म्हणाले. “आम्ही अजून देतो. भिंतीपलीकडून.”

 

दार ढकलून खारू आली. “मिळाले बाबा! आख्खा बाजार पालथा घातला.” क्लॅम्पची पिशवी काखेत मारून तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, टिचकी मारून पाहिली. “पण हे तर केव्हाच वाळलंय. सोडा ना दोघंही.”

डॉक्टरनं अंगठ्यानं चाचपून बघितलं. पट्टी दगडासारखी पक्की बसली होती. त्यानं मान वर केली. काकांनी आपलं टोक सोडलेलं नव्हतं. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, आणि ते खारूकडे सोडून खोलीत सगळीकडे बघत होते.

डॉक्टरनं सैल झालेला हात परत घट्ट केला. कोपर खाली घेतलं.

“मधलं वाळलं असेल,” तो म्हणाला. “माझ्याकडे अजून ओलं आहे.”

खारू त्याच्या टोकाशी आली. वाकून तिनं गोंद पाहिला, मग त्याला पाहिलं, मग वडिलांना. पिशवी तिनं आवाज न करता खाली ठेवली.

“हो की,” ती म्हणाली. “बरंच ओलं आहे.”

काकांनी डॉक्टरकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग हात जागचे न हलवता त्यांनी एक पाय लांब केला आणि खोलीतलं एकुलतं एक स्टूल जोरात ढकललं. ते फरशीवरून करकरत, होडीच्या कडेकडेनं सरकत गेलं आणि डॉक्टरच्या गुडघ्याला येऊन लागलं.

“बस,” काका म्हणाले. “वेळ लागेल.”