आईच्या नावाचा पत्ता

वेबसाइटचा पत्ता मराठी अक्षरांतही लिहिता यावा, म्हणून चुडाव्याची नीलम बारा वर्षं देशोदेशीच्या बैठकांत भांडत राहिली. तिच्या आईला, केशरबाईंना, तेवढीच अक्षरं येत होती. तीही पन्नाशीत साक्षरता वर्गात शिकलेली.

शेवटी मंजुरी मिळाली. नीलमनं पहिला पत्ता आईच्याच नावाचा घेतला आणि तो दाखवायला तीन वर्षांत पहिल्यांदाच गावी आली. मोबाईल आईच्या हातात देत म्हणाली, "आई, वाच बरं, काय लिहिलंय."

केशरबाईंनी काचेवरून बोटं फिरवली आणि मोबाईल हळूच परत केला.



"दोन वर्सं झाले, मला दिसत न्हाई माय. फोन केला की तू बैठकीत राहायचीस, मग कवा सांगावं?"