उलटा हात

विमान अकोल्यावरून अमरावतीकडे वळलं आणि मागच्या टॉयलेटपाशी जळका वास आला. मी कॉकपिटला फोन लावून वासाचं सांगितलं. दर्यापूरचे कॅप्टन सहदेव ऑक्सिजनचा मास्क चढवून बोलत होते. प्रत्येक शब्दाआधी त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“वर्षाली, दार उघडू नको. उलटा हात लाव दाराले. गरम असन तर अकोल्यालेच उतरवतो.”

उलटा अशासाठी, की भाजलाच तर तळहात कामाला शाबूत राहतो.

दार गार होतं. फक्त मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, ऊब होती. मी हात बाजूला सरकवला. ऊबही सरकली.

मी वळून पाहिलं. चढले होते ते एकवीसही प्रवासी आपापल्या जागी बसले होते.

आई गेल्यापासून बडनेऱ्याच्या घरात मी एकटीच असते. विमानात लोक माझ्या हातून पाण्याचा ग्लास घेतात. हात कुणी धरत नाही.

“गरम आहे का वं?” कॅप्टननी विचारलं.

वास वाढतच होता.

“नाई सर,” मी म्हणाले. “गार आहे.”

फोन ठेवला, आणि हात सुलटा करून तळवा दारावर टेकवला.