निळी भिंत

संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाउसमधल्या, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या इमारतीतल्या, नव्या दालनात उंदरांचे पिंजरे आता छतापर्यंत गेले होते. आतले उंदीर शांत असले की पिंजरे निळे उजळत, घाबरले की लाल. उद्घाटनाला सगळे आत शिरले तरी पिंजऱ्यांची ती भिंत निळीच होती. मग डॉ. वैदेही प्रभुणे आल्या आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली.

"दिवे बिघडले वाटतं," संचालक घाईने म्हणाले.

वैदेही बाहेर गेल्या. काचेपलीकडे भिंत निवली. त्या परत आल्या, पुन्हा लाल.

"वासावरून ओळखतात हो मॅडमना!" कुणीतरी हसलं.

त्यांचे कान तापले. संकष्टीला त्या उंदराला मारायची सुई लावत नसत. संस्थेत दयाळू म्हणून त्यांचंच नाव निघे. प्रयोग संपल्यावर उंदीर मारायचं काम त्यांचा सहकारी इरफान मुजावरही करी. त्याला मात्र भिंत भ्यायली नव्हती.

"तुला कसे रे घाबरत नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी आधी ओंजळीत धरतो. निवांत झाला की मग सुई." तो चाचरला. "तुम्हाला चतुर्थीच्या आदल्या दिवशी वेळ कुठे असतो, मॅडम? दोन दिवसांचे एकदम उरकायचे असतात."

देवापुढे हात स्वच्छ राहावेत म्हणून केलेली ती घाई! वैदेहींना मान वर करवेना.

"उद्याचेही आजच ना?" इरफानने विचारलं.

"नको. उद्याच करू, एकेक करून," त्या म्हणाल्या. "उपास असेल माझा. तरी ओंजळ कशी धरायची, ते शिकव."