तळ्याची ओटी

हौसाबाईंची नजर जाऊन सहा वर्षं झाली, तरी नवरात्रात तळ्याची ओटी भरायला त्या चुकल्या नाहीत. नावाड्याच्या घरची रीतच होती ती. काठावर त्यांचा मुलगा सर्जेराव त्यांच्या हातून नारळ घेई, हळूच पिशवीत टाकी आणि खिशातलं बटण दाबी. कर्ण्यातून आवाज येई, डुबुक. हौसाबाई हात जोडत.

समोर काँक्रीटच्या कोरड्या तळावर निळ्या प्रकाशाचं पाणी पसरलेलं असे. होड्या रुळांवरून फिरत, गार फवारे उडत, पर्यटक फोटो काढत. खरं पाणी भोवतालच्या रिसॉर्टांनी केव्हाच उपसून संपवलं होतं. सर्जेराव आता हे पाणी चालवण्याच्या नोकरीवर होता.

यंदा हौसाबाईंनी नारळ सोडला नाही.

"आज माझ्या हातानं टाकते. पुढच्या वर्षी मी असंन-नसंन."

"आये, थांब—"

नारळ गेला. खाली काँक्रीटवर खाड्कन फुटला. सर्जेरावानं घाईघाईनं बटण दाबलं. डुबुक.

 हौसाबाईंनी ओटीतला खण आणि तांदूळ चाचपून परत पदरात बांधले.

"कवा गेलं?"

"चार वर्षं झाली, आये."

"मयताच्या घरी सुतक पाळत्यात," त्या म्हणाल्या. "आन् तू माझ्याकडनं चार वर्षं वट्या भरून घेतल्यास?"