तो वरचा सूर

नामवंत ऑपेरा गायिकेच्या स्मारकात तिचा निळा झगा काचेच्या कपाटात ठेवलाय. “याच झग्यात बाईंना तो जगावेगळा वरचा सूर लागला,” गाईड सांगत होता. “त्या एका सुरावर सहा जणांनी पीएचडी केली. आणि बाईंची भक्ती बघा, त्या प्रयोगानंतर त्यांनी हा झगा पुन्हा अंगाला लावला नाही.”

गर्दी गहिवरली. हा झगा जिने शिवला ती म्हातारी शिंपीण मात्र काचेला नाक लावून कमरेची शिवण न्याहाळत होती. एकाएकी ती नातीच्या खांद्यावर डोकं टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली.

“आजी, सगळे बघतायत. झालं काय?”

“ती बघ कमरेपाशी, माझी काढायची राहिलेली टाचणी. बाईंना सूर नव्हता लागला गं, ती लागली होती.”