दोनदा घंटी

पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेला स्वस्तातला गेमिंग माऊस मी दुपारी माझ्या चॅनलसाठी तपासत होते. पकड छान, वजन हलकं, वायर मात्र कडक. आणि एक खोट होती. मी हात हलवला की आधी आतून दोनदा टक टक व्हायचं, मगच स्क्रीनवरचा बाण सरकायचा.

"स्वस्तातलं बटन, दुसरं काय!" मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं.

तांदूळ निवडता निवडता माय दारात आली. "दामिनी, हे कोन वाजवून राहिलं?"

"माऊस आहे, माय. कावून?"

"तुहे बाबा प्लांटात क्रेन हलवाच्या आधी अशीच दोनदा घंटी वाजवत होते. खालच्या मानसांनी सरकावं म्हनून."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी हसून माऊसवरचा हात उचलला.

टक, टक.

बाण आपोआप निघाला, अगदी हळू, खाली काही जड टांगल्यासारखा. स्क्रीनच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यातला माझा चेहरा दिसत होता. बाण बरोबर त्यातल्या माझ्या डोक्यावर येऊन थांबला.

मायनं माझा दंड धरला. तिचा आवाज एकदम शांत होता.

"सरक, पोरी. बाबा वजन खाली सोडून राहिले."